न दिलेला करंडक

शर्यतीचा निकाल ही वरकरणी अगदीं सोपी बाब आहे. जो आधीं पोंचला तो जिंकला. यांत मतभेदाला जागा ती कोठली? काव्याचें मोल ठरवितांना रसिकांत दोन तट पडतात. गाण्याच्या मैफलींत एकाला जें रुचतें तेंच दुसऱ्याच्या कानाला खटकतें. परंतु दोन मोटारींपैकीं पुढें कोणती होती हें सांगावयास रसिकता लागत नाहीं, डोळे असले म्हणजे पुरे, असें आपण सर्वजण समजून चालतों. आमचाहि समज असाच होता. परंतु अमेरिकेंतील मोटारशर्यतींच्या इतिहासांत एक दिवस असा आढळतो कीं, त्या दिवशीं सर्व प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जो माणूस पहिला आला त्याला पहिला म्हणावयास पंचांना दोन तास लागले, आणि त्याच्या विजयाचा करंडक त्याच्या कुटुंबाच्या हातीं पडावयास जवळजवळ अठ्ठावन्न वर्षें लागलीं. तोंवर तो माणूस इहलोकीं राहिला नव्हता.

या माणसाचें नांव वेंडेल ऑलिव्हर स्कॉट. त्याची हकीकत मोटारींचा नाद नसलेल्यांनींहि वाचण्यासारखी आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मोटारींची शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें येतात त्या ठेंगण्या, उघड्या चाकांच्या, केवळ धांवण्याकरितांच घडविलेल्या गाड्या. अमेरिकेच्या दक्षिण भागांत रुजलेला खेळ याहून निराळा आहे. त्याला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. 'स्टॉक' म्हणजे दुकानांतला विक्रीचा माल. जी गाडी कोणाहि गिऱ्हाइकाला दुकानीं विकत मिळते, जींत बसून कुटुंब रविवारीं चर्चला जातें, तीच गाडी शर्यतींत उतरवावयाची, असा या खेळाचा मूळचा दंडक. आज या गाड्या बाजारच्या गाडीचें नांव व मुखवटा तेवढा धारण करतात; आंतील सर्व कांहीं शर्यतीसाठींच बनविलेलें असतें. परंतु ज्या काळाची गोष्ट आम्ही सांगणार आहों त्या काळीं दुकानांतली गाडी आणि मैदानावरची गाडी यांचें नातें बरेंच जवळचें होतें.

या खेळाचें कुळ मात्र फारसें सोंवळें नाहीं. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. बंदी उठली, पण दारूवरील कर राहिला. आणि दक्षिणेंतील डोंगराळ मुलुखांत तो कर चुकवून रात्रीच्या अंधारांत दारू गाळण्याचा उद्योग चालूच राहिला. ही दारू शहरांत पोंचविणाऱ्या गाड्या बाहेरून अगदीं गरीब दिसत. आंतील यंत्र मात्र असें सुधारलेलें असे कीं, सरकारी गाडीला धूळच पाहावी लागे. ओझ्यानें गाडी मागच्या बाजूला खचून संशय येऊं नये म्हणून मागील कमानींनाहि जादा बळकटी दिलेली असे. रात्रीं हें काम करणारे तरुण फुरसतीच्या दिवशीं एखाद्या शेतांत जमून कोणाची गाडी अधिक पळते याचा निवाडा करीत, आणि तो पाहावयास गांव लोटे. १९४७ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडा संस्थानांतील डेटोना बीच येथें बिल फ्रान्स नांवाच्या गृहस्थानें शर्यतवाल्यांची बैठक भरविली, आणि पुढील सालीं 'नॅसकार' ही संस्था जन्मास आली.

या संस्थेची नव्या बाजारी गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथें झाली. तींत ग्लेन डनवे हा पहिला आला. परंतु शर्यतीनंतर त्याची गाडी तपासली असतां मागील कमानींत दारूवाहतुकीची ती जुनी करामत सांपडली. तेव्हां डनवेला बाद करून दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला विजयी ठरविण्यांत आलें. ही लहानशी घटना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. जाहीर झालेला निकाल चुकीचा आढळल्यास तो कसा फिरवावा, हें या संस्थेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.

वेंडेल स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील डॅनव्हिल या गांवीं झाला. कापडाच्या गिरण्या आणि तंबाखूच्या वखारी यांवर हें गांव जगे. इतिहासांत त्याचें नांव आणखी एका कारणानें आलेलें आहे. गुलामगिरी राखण्यासाठीं जीं दक्षिणी संस्थानें फुटून निघालीं, त्यांचें सरकार १८६५ च्या एप्रिलांत रिचमंड सोडून पळालें तें डॅनव्हिललाच; तेथें त्यानें सुमारें आठवडाभर आपली अखेरची राजधानी केली. त्या युद्धाच्या अंतीं गुलाम मुक्त झाले. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक ज्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केलें, ते गुलामांना बंधमुक्त करणारे हेच लोक. परंतु त्या अर्पणपत्रिकेनंतर चार वर्षांतच उत्तरेचें सैन्य दक्षिणेंतून निघालें, आणि पुढील पिढींत काळ्या लोकांसाठीं वेगळी शाळा, वेगळा आगगाडीचा डबा, वेगळा पाण्याचा नळ असे कायदे तेथें एकामागून एक होत गेले. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'वेगळें पण समान' या गोंडस सूत्राखालीं त्यांस मान्यता दिली. यांतील वेगळेपण कसोशीनें पाळलें गेलें. समानतेची चौकशी कोणी केली नाहीं.

या व्यवस्थेंत स्कॉट लहानाचा मोठा झाला. त्याचा बाप गोऱ्या धनिकांच्या पदरीं मोटार हांकण्याचें व दुरुस्त करण्याचें काम करी; यंत्राची विद्या मुलाला घरींच मिळाली. मोठेपणीं त्यानें टॅक्सी हांकली. दुसऱ्या महायुद्धांत तो सैन्यांत गेला आणि युरोपांत सैन्याच्या गाड्या दुरुस्त करूं लागला. जगांतील वंशाभिमानाविरुद्ध लढणारें तें सैन्यहि त्या वेळीं वर्णावरून विभागलेलें होतें, हें येथें नमूद करणें भाग आहे. परत आल्यावर त्यानें गांवीं मोटारदुरुस्तीचें दुकान थाटलें, आणि वाढत्या संसाराला त्याची प्राप्ति पुरेना म्हणून रात्रीं दारू वाहण्याचाहि उद्योग आरंभिला. १९४९ सालीं तो एकदां पकडला गेला. न्यायालयानें त्याला तुरुंगांत न धाडतां तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवलें. चरित्रनायकाच्या आयुष्यांतील ही गोष्ट झांकून ठेवावी असा मोह चरित्रकाराला होतो. आम्हांस तसें करण्याचें कारण दिसत नाहीं. कारण ज्यांनीं पुढें या खेळांत कीर्ति मिळविली त्यांपैकीं पुष्कळ गोऱ्या चालकांचें शिक्षणहि याच रात्रशाळेंत झालें होतें, आणि त्यांच्याविषयीं ही गोष्ट कौतुकानें सांगितली जाते.

१९५२ च्या मे महिन्यांत डॅनव्हिलच्या मैदानावर शर्यती भरविणाऱ्या मंडळींना प्रेक्षकांची वाण पडली होती. गोऱ्यांच्या विरुद्ध एखादा काळा चालक उतरविला तर लोक गर्दी करतील, अशी युक्ति त्यांनीं काढली. हेतु तमाशाचा होता. न्यायाचा विचार त्यांच्या स्वप्नींहि नव्हता. असा भरधांव हांकणारा काळा माणूस कोठें मिळेल, हें विचारावयास ते पोलिसांकडे गेले, आणि ज्या पोलिसांनीं रात्रीबेरात्रीं स्कॉटचा पाठलाग केला होता त्यांनींच त्याचें नांव सांगितलें, असें म्हणतात. एखाद्याच्या कौशल्याचा याहून निःपक्षपाती दाखला मिळणें कठीण! त्या दिवशीं प्रेक्षकांतील कित्येकांनीं त्याची हुर्यो उडविली. पण स्कॉटला मात्र आपल्या आयुष्याचें काम सांपडलें. त्या वेळीं त्याचें वय तीस वर्षांचें होतें.

पुढील वाट सोपी नव्हती. आपली गाडी दुसऱ्या गाडीमागें बांधून ओढीत मैलोगणती न्यावी, आणि मैदानाच्या दारांतच तेथील अधिकाऱ्यांनीं काळ्या माणसाला येथें हांकतां येणार नाहीं असें सांगून परत लावावें, हा प्रसंग त्याच्यावर एकाहून अधिक वेळां आला. तेव्हां त्यानें मोठ्या संस्थेचा नाद सोडून लहानसहान मैदानांवर हांकावयास सुरुवात केली. तेथें त्याच्या गाडीला मुद्दाम धक्के देणारे होते, तसे हळूहळू त्याच्या हाताचें कसब ओळखणारेहि निघाले. कांहीं काळानें रिचमंड येथें एका अधिकाऱ्यानें त्याचा अर्ज स्वीकारून त्याला नॅसकारचा परवाना दिला. १९५९ सालीं तो 'स्पोर्ट्समन' या दुय्यम वर्गांत व्हर्जिनिया संस्थानाचा विजेता ठरला. आणि १९६१ च्या मार्चांत, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, स्पार्टनबर्ग येथें त्यानें 'ग्रँड नॅशनल' या सर्वोच्च वर्गांत पाऊल टाकलें. त्याच्यापूर्वीं एकदोन कृष्णवर्णीय चालक या वर्गाच्या एखाददुसऱ्या शर्यतींत उतरले होते. परंतु वर्षानुवर्षें हीच आपली वृत्ति म्हणून पत्करणारा पहिला पुरुष तोच.

येथें या खेळाच्या अर्थव्यवहाराकडे वळलें पाहिजे; कारण तो समजल्यावांचून स्कॉटच्या आंकड्यांचा अर्थ लागावयाचा नाहीं. मोटारशर्यत ही चालकाच्या धैर्याची परीक्षा असते हें खरें. पण धैर्याला यंत्र लागतें, यंत्राला सुटे भाग लागतात, आणि सुट्या भागांना पैसा लागतो. दर शर्यतींत रबरी धांवा झिजून जातात, एंजिनें जळतात, पत्रा चेपतो. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोठमोठ्या मोटारकारखान्यांनीं ओळखलें कीं, रविवारीं जी गाडी मैदानावर जिंकते ती सोमवारीं दुकानांत खपते. म्हणून निवडक चालकांना ते नवीं एंजिनें, तज्ज्ञ कारागीर व पैसा पुरवूं लागले. उरलेले चालक स्वतंत्र, म्हणजे वस्तुतः निराधार. स्कॉट हा या निराधारांत अधिक निराधार होता. गाडीचा मालक तोच, कारागीर तोच, चालकहि तोच. शर्यत चालू असतां गाडी कडेला थांबवून क्षणार्धांत चाकें बदलावयाचीं आणि पेट्रोल भरावयाचें, या कामाला श्रीमंत चालकांजवळ पगारी माणसें असत; स्कॉटजवळ त्याचे मुलगे असत. इतरांनीं वापरून टाकलेले भाग घेऊन तो आपली गाडी जुळवी. वाटेंतील पुष्कळ खाणावळी व उतारशाळा काळ्या लोकांना बंद असल्यामुळें जेवणाची व झोंपेची सोयहि आपली आपणच पाहावी लागे.

अशा माणसानें शर्यत कशी हांकावी? जिंकण्याचा हट्ट धरून एंजिन जाळलें तर पुढच्या आठवड्याला गाडीच उरावयाची नाहीं. उलट, गाडी शेवटपर्यंत टिकविली तर आठव्यादहाव्या क्रमांकाचेंहि कांहीं बक्षीस मिळतें, आणि त्यांतून पुढल्या शर्यतीचें सामान येतें. म्हणून स्कॉट बहुधा संभाळून हांकी. त्यानें आपल्या आयुष्यांत या सर्वोच्च वर्गाच्या ४९५ शर्यती केल्या. त्यांपैकीं १४७ शर्यतींत तो पहिल्या दहांत आला आणि २० शर्यतींत पहिल्या पांचांत. विजय एक. तुलनेसाठीं रिचर्ड पेटी या त्याच्या समकालीनाकडे पाहावें. पेटीचा बाप स्वतः नामांकित चालक होता, घरचा कारखाना होता, आणि मोठ्या मोटार कंपनीचें पाठबळ होतें. एकट्या १९६७ सालीं त्यानें २७ शर्यती जिंकल्या. त्याच सालीं एकहि विजय न मिळवितां स्कॉट वर्षाच्या गुणानुक्रमांत दहावा आला. पेटी हा असामान्य चालक होता यांत शंका नाहीं. परंतु जुन्या भागांची मोट बांधून वर्षभर मैदानावर टिकणाऱ्या या दहाव्या क्रमांकाचें मोलहि कमी लेखतां येत नाहीं.

आतां त्या एका विजयाकडे येऊं. १९६३ हें साल अमेरिकेला मोठें वादळी गेलें. ऑगस्टच्या २८ तारखेस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पुढारीपणाखालीं लक्षावधि लोक समान हक्कांच्या मागणीसाठीं वॉशिंग्टनला जमले. नोव्हेंबरच्या २२ तारखेस अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. त्यानंतर नवव्या दिवशीं, १ डिसेंबर १९६३ रोजीं, फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिल येथें अर्ध्या मैलाच्या मातीच्या मैदानावर दोनशें फेऱ्यांची शर्यत झाली. स्कॉट एका जुन्या शेवर्ले गाडींत बसून तींत उतरला होता. ती १९६२ सालच्या घडणीची गाडी त्यानें नेड जॅरेट या चालकाकडून विकत घेतलेली होती. स्पर्धकांत रिचर्ड पेटी होता, आणि दोनदां वर्षाचा विजेता ठरलेला बक बेकरहि होता. सुमारें पंचवीस फेऱ्या उरल्या असतां पेटीची गाडी मंदावली आणि स्कॉट त्याच्या पुढें गेला. तेथून पुढें कोणीहि त्याला गांठलें नाहीं.

दोनशें फेऱ्या झाल्या. जिंकणाऱ्याला दाखवावयाचें काळ्यापांढऱ्या चौकटींचें निशाण स्कॉटसाठीं हललें नाहीं. तो हांकीतच राहिला. पुढें निशाण हललें तें बक बेकरसाठीं, आणि तो बेकर वस्तुतः स्कॉटच्या दोन फेऱ्या मागें होता. बेकरला विजयी म्हणून जाहीर करण्यांत आलें, करंडक त्याला मिळाला, टाळ्या त्याच्यासाठीं वाजल्या. स्कॉटनें हरकत घेतली. पंच आपल्या वह्या घेऊन बसले. दोन तासांनीं, प्रेक्षक घरोघर गेल्यावर, त्यांनीं जाहीर केलें कीं शर्यत स्कॉटनें जिंकली होती. पहिल्या क्रमांकाची रक्कम त्याला मिळाली. परंतु करंडक तेथें नव्हता. पुढें कांहीं दिवसांनीं त्याच्या हातीं एक हलक्या लांकडाचें स्मृतिचिन्ह ठेवण्यांत आलें, एवढेंच.

स्कॉटचें व त्याच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, ही चूक नव्हतीच. त्या काळच्या प्रघाताप्रमाणें विजेत्याला करंडक देतांना एक सुंदर गोरी तरुणी त्याचें चुंबन घेई. दक्षिणेंतील एका मैदानावर, हजारों गोऱ्या लोकांसमोर, काळ्या माणसाच्या बाबतींत तो प्रसंग घडूं नये म्हणून अधिकाऱ्यांनीं कळून सवरून वेळ काढला, आणि मैदान रिकामें झाल्यावर सत्य सांगितलें.

न्यायासनावर बसण्यापूर्वीं दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. त्या काळीं फेऱ्यांची मोजणी यंत्रानें होत नसे. माणसें कडेला बसून, गाडी समोरून गेली कीं कागदावर वेळ टिपीत. धूळ उडत असे, गाड्या वारंवार थांबत व निघत, आणि चुका होत. १९५९ सालीं डेटोनाच्या नव्या, अडीच मैलांच्या मैदानावर पहिली पांचशें मैलांची शर्यत झाली, तेव्हां प्रथम जॉनी बोशँप याला विजयी म्हणण्यांत आलें. छायाचित्रें व चित्रफिती पाहून तीन दिवसांनीं निकाल फिरविला गेला, आणि रिचर्डचा बाप ली पेटी हा विजयी ठरला. दोघेहि गोरे होते. तेव्हां मोजणींत चूक होऊं शकते, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु या दोन प्रसंगांतील अंतरहि पाहावें. डेटोनाला दोन गाड्या अगदीं खांद्याला खांदा लावून रेषेवर आल्या होत्या. जॅक्सनव्हिलला विजेता पूर्ण दोन फेऱ्या पुढें होता. डेटोनाला सत्य शोधण्यासाठीं संस्थेनें आपण होऊन पुरावे मागविले आणि त्याचा गाजावाजा केला. जॅक्सनव्हिलला तें सत्य रिकाम्या मैदानाला सांगितलें गेलें. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, चूक ही दोन तासांची असते. दोन तासांनंतर खरा विजेता कोण हें लेखी ठरलें होतें. त्यानंतर दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या आठवड्यांत, निदान दुसऱ्या वर्षीं करंडक बेकरकडून परत मागवून वा नवा घडवून स्कॉटकडे पाठवितां आला असता. त्यासाठीं कोणत्याहि गर्दीला तोंड द्यावें लागणार नव्हतें. तो पाठविला गेला नाहीं. त्या सायंकाळीं पंचांच्या मनांत काय होतें, याचा निर्णय आज कोणी देऊं शकेल असें नाहीं. परंतु पुढील मौनाला मोजणीची चूक म्हणतां येत नाहीं, आणि आमच्या मतें खरा अन्याय या मौनांत आहे.

स्कॉट मात्र दुसऱ्या शर्यतीच्या तयारीला लागला. १९६४ च्या जुलैंत समान नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि खाणावळींचीं दारें कायद्यानें तरी उघडलीं. डार्लिंग्टनसारख्या ज्या प्रतिष्ठित मैदानानें त्याला कित्येक वर्षें दूर ठेवलें होतें तेथेंहि तो पुढें हांकूं लागला. १९६६ सालीं तो वर्षाच्या गुणानुक्रमांत सहावा आला. पुढील तिन्ही वर्षीं तो पहिल्या दहांत राहिला. ज्या प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली होती त्यांच्यांतच त्याचे चाहते निर्माण झाले. करंडक न देणारी संस्था आणि आपण होऊन टाळ्या देणारे लोक, अशीं हीं दोन चित्रें एकाच वेळीं खरीं होतीं, हें समाजस्थितीचा विचार करणाऱ्यानें विसरूं नये.

६ मे १९७३ रोजीं अलाबामा संस्थानांतील टॅलाडेगा येथें या कारकीर्दीवर घाला पडला. हें मैदान १९६९ सालीं बांधलेलें, अडीच मैलांहूनहि मोठें. तेथें गाड्या एकमेकींच्या पाठीला लागून दीडदोनशें मैलांच्या वेगानें थव्यानें धांवतात, आणि एकीचें चाक चुकलें तर मागच्यांना सुटण्यास वाव नसतो. त्या दिवशीं शर्यतीच्या आरंभींच वीसएक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉटचें कमरेचें हाड मोडलें, बरगड्या मोडल्या, पायाला जबर दुखापत झाली. गाडीचा चुराडा झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत शार्लट येथें तो पुन्हां एकदां मैदानावर आला, बारावा आला, आणि थांबला. त्याचें वय बावन्न वर्षांचें झालें होतें. १९७७ सालीं त्याच्या जीवनावर 'ग्रीझ्ड लाइटनिंग' हा चित्रपट निघाला. रिचर्ड प्रायर या प्रसिद्ध नटानें त्याची भूमिका केली. खरा स्कॉट डॅनव्हिलला आपल्या दुकानांत मोटारी दुरुस्त करीत होता. २३ डिसेंबर १९९० रोजीं तो वारला. करंडक आला नव्हता.

यानंतरची हकीकत मालमोटारींशीं निगडित आहे. १९९५ सालीं नॅसकारनें 'पिकअप ट्रक', म्हणजे मागें उघडी हौद असलेल्या हलक्या मालमोटारी, यांच्या शर्यतींचा एक स्वतंत्र वर्ग काढला. अमेरिकन शेतकऱ्याच्या अंगणांत उभी असते ती ही गाडी. नवशिक्या चालकांची शाळा व जुन्या चालकांचा आखाडा, असें या वर्गाचें दुहेरी स्वरूप झालें. डॅनव्हिलपासून सुमारें तीस मैलांवर मार्टिन्सव्हिल हें गांव आहे; तेथील अर्ध्या मैलाहून किंचित् मोठें मैदान नॅसकारहूनहि वयानें वडील आहे. २६ ऑक्टोबर २०१३ रोजीं तेथील ट्रकशर्यत डॅरेल वॉलेस या वीस वर्षांच्या तरुणानें जिंकली. अलाबामांत जन्मलेला, 'बबा' या लाडक्या नांवानें ओळखला जाणारा हा मुलगा कृष्णवर्णीय. नॅसकारच्या तीन राष्ट्रीय वर्गांपैकीं कोणत्याहि वर्गांत कृष्णवर्णीय चालकानें मिळविलेला, जॅक्सनव्हिलनंतरचा हा पहिलाच विजय. मध्यंतरीं पन्नास वर्षें लोटावयास पांच आठवडे तेवढे कमी होते. पुढील वर्षीं त्याच मैदानावर वॉलेस ३४ हा आंकडा रंगविलेला ट्रक घेऊन उतरला. ३४ हा स्कॉटचा आंकडा. ती शर्यतहि त्यानें जिंकली. या वेळीं निशाण वेळेवर हललें आणि मार्टिन्सव्हिलच्या प्रथेप्रमाणें विजेत्याला द्यावयाचें उंच घड्याळ त्याच्या हातीं तेथेंच देण्यांत आलें.

२०१५ च्या जानेवारींत स्कॉटचें नांव नॅसकारच्या कीर्तिमंदिरांत मरणोत्तर दाखल झालें. २०२० च्या जूनमध्यें या संस्थेनें आपल्या मैदानांवर त्या फुटीर दक्षिणी संस्थानांचें निशाण लावण्यास बंदी केली. वॉलेसनें तशी उघड मागणी केली होती. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, पावसानें अर्ध्यावर थांबविलेल्या एका शर्यतींत, वॉलेस सर्वोच्च वर्गांत विजयी झाला. स्कॉटनंतर हें यश कोणाहि कृष्णवर्णीय चालकाला मिळालें नव्हतें. स्थळ टॅलाडेगा; अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं स्कॉटचीं हाडें जेथें मोडलीं तेंच मैदान.

त्याच्या पांचच आठवडे आधींची गोष्ट सांगून हा लेख संपवावयाचा. २०१० सालीं जॅक्सनव्हिलच्या कांहीं मंडळींनीं स्कॉटच्या कुटुंबाला करंडकाची एक प्रतिकृति दिली होती. ती सद्भावनेनें दिलेली भेट होती. परंतु ज्या संस्थेचें देणें होतें तिनें अद्यापि तें फेडलें नव्हतें. २८ ऑगस्ट २०२१ रोजीं, स्कॉटच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, डेटोनाच्या मैदानावर नॅसकारनें त्याच्या कुटुंबीयांना जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक समारंभपूर्वक अर्पण केला. लहानपणीं बापाच्या गाडीचीं चाकें बदलणारे मुलगे आतां स्वतः वृद्ध झाले होते.

एवढ्या उशिरानें दिलेल्या वस्तूला अर्थ काय, असें कोणी विचारील. ज्याला ती हवी होती तो गेला. धातूच्या एका पात्रानें त्याचीं सत्तावीस वर्षें भरून येत नाहींत, हें खरें. परंतु तो करंडक दिलाच नसता तर आणखी अठ्ठावन्न वर्षांनीं हा प्रसंग वाचणाऱ्याला वाटलें असतें कीं, हा हिशेब संस्थेनें चुकता मानला आहे. देणें उशिरां फेडणाऱ्यानें निदान तें देणें होतें एवढें तरी कबूल केलें. आपल्याकडेहि शाळांच्या, क्रीडामंडळांच्या, नाट्यसंस्थांच्या जुन्या वह्यांत अशीं कांहीं देणीं निघणार नाहींत असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? तीं ज्यांचीं आहेत त्यांपैकीं कांहीं माणसें अजून हयात असतील. वह्या उघडावयाच्या तर त्या आतांच उघडलेल्या बऱ्या.